झरा कोणी आटवला?

१. सही

कानसेनच्या सहीखाली खोटं छापून आलं होतं. हे तिला सांगायला जी मुलगी दारात उभी होती, ती रडत नव्हती. संतापली होती.

मुलगी म्हणायचं एवढंच, तिशी केव्हाच ओलांडलेली होती. एका काखेत लॅपटॉप, दुसरीत छोटा कीबोर्ड, आणि हातात संगीताच्या मासिकाचा ताजा अंक, काठीसारखा गुंडाळलेला.

“हे तुम्ही लिहिलंत?” तिने पान उघडून कानसेनच्या नाकासमोर धरलं.

वाचायची गरज नव्हती. ‘झरा: आवाज निर्जीव. कळ हळुवार दाबा की जोरात, वाद्याला सोयरसुतक नाही. सूर तुटक. मध्येमध्ये आवाज बुडतो. स्पर्श म्हणजे काय, हेच या वाद्याला ठाऊक नाही.’ खाली तीन परीक्षकांच्या सह्या. पहिली कानसेनची.

“जे ऐकलं ते लिहिलं,” कानसेन म्हणाली. “तुला वाईट वाटणं साहजिक आहे, पण—”

“वाईट नाही वाटलं बाई, खोटं वाटलं. ‘झरा’ मी बनवलाय. आता स्वतःच्या हाताने वाजवा आणि हेच परत म्हणून दाखवा. मग मी गुपचूप निघून जाते.”

कानसेनला असं दारात येऊन कोणी सुनावत नसे. ती सिनेमांना पार्श्वसंगीत द्यायची. गाण्याच्या वर्गात सोबतच्यांनी चिडवायला ठेवलेलं ‘कानसेन’ हे नाव पुढे धंद्यात बिरूद होऊन बसलं होतं. वाद्य नवं आलं की लोक विचारत, कानसेन काय म्हणाली? ती चांगलं म्हणाली तर वाद्य चाललं. वाईट म्हणाली तर बनवणाऱ्याने दुकान बंद करावं.

तिने मुलीला आत घेतलं. खिडकीजवळच्या टेबलावर कीबोर्ड जोडला गेला. ‘झरा’ हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर होता. म्हणजे लाकूड नाही, तार नाही, सगळं वाद्य संगणकाच्या पोटात. कळ दाबली की दाबाच्या जोरावरून संगणक सूर घडवतो.

वाद्य तपासायची कानसेनची एक ठरलेली रीत होती. आधी एकच सूर, जेमतेम ऐकू येईल इतका हलका, आणि तो मरेपर्यंत थांबायचं. मग तोच सूर थोडा थोडा जोर वाढवत. मग दोन्ही हातांनी मूठभर कळा एकदम, वाद्याचा दम कुठे तुटतो ते बघायला.

तिने पहिली कळ दाबली आणि तिचं बोट तिथेच राहिलं.

सूर कोणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा आला. जरा जोर दिल्यावर त्याने ओठ उघडले. आणखी दिला तर त्याला धार चढली. पेडलवर पाय ठेवला तशी सगळी खोली त्या आवाजाने भरली, आणि पाय उचलल्यावर हळूहळू रिकामी झाली. कुठे तुटणं नाही, कुठे बुडणं नाही.

कानसेनने हात मांडीवर घेतले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण समोरच्या मुलीवर नव्हे.

“हे आणि मी ऐकलं ते, दोन्ही एक असूच शकत नाही,” ती म्हणाली. “मग त्या दिवशी मला ऐकवलं काय?”

२. दवाखान्याखालचा स्टुडिओ

मासिकाची वार्षिक कसोटी म्हणजे मोठी सचोटीची गोष्ट, असा सगळ्यांचा समज होता. या वर्षी चार वाद्यं होती: सम्राट, वीज, झरा आणि कापूस. मास्तरांनी कीबोर्डवर एक तुकडा एकदाच वाजवायचा. संगणक फक्त त्यांच्या बोटांची हालचाल टिपून ठेवणार: कुठली कळ, किती जोरात, किती वेळ, पेडल कधी. तीच हालचाल मग रेकॉर्डिस्टने चारही वाद्यांना द्यायची. म्हणजे हात एकच, फरक फक्त वाद्याचा. संपादक त्या चार ध्वनिफितींची नावं पुसून अ, ब, क, ड लिहिणार, आणि तिघा परीक्षकांना, म्हणजे कानसेन, बँडवाला दाढीवाला आणि बाहेरगावचा एक वादक यांना, कुठलं वाद्य कुठलं हे कळू न देता ऐकवणार.

मास्तर हे शहरातले सगळ्यात जुने पियानोशिक्षक. कानसेनही त्यांचीच विद्यार्थिनी. सत्तरी गाठली तरी संगणक त्यांच्या हातचा मळ होता. विद्यार्थ्यांचे धडे ते त्यावरच लिहीत आणि वाजवून बघत.

रेकॉर्डिस्टचा स्टुडिओ दंतवैद्याच्या दवाखान्याखालच्या तळघरात होता. वर ड्रिल सुरू झालं की खाली काम थांबायचं. दोघी पोचल्या तेव्हा काम थांबलेलंच होतं आणि रेकॉर्डिस्ट सँडविच खात बसला होता.

कानसेनने सगळं सांगितलं. त्याने घास तसाच खाली ठेवला.

“म्हणजे माझ्यावर खापर फोडायला आलात.”

“अजून कोणावरच नाही. त्या दिवशीचं काम आहे ना? लावा.”

त्याने लावलं. मास्तरांच्या बोटांची हालचाल पडद्यावर लहानमोठ्या रेघांनी सरकू लागली आणि ‘झरा’तून सूर आला. सकाळी खिडकीशी ऐकलेला, तोच जिवंत सूर.

“हीच फीत मी दिली होती,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “मला आवडली होती. मी बायकोला म्हटलंसुद्धा, यंदा हे पोरगं बाजी मारणार.”

“पोरगी,” मुलगी म्हणाली.

कानसेनने परीक्षकांना दिलेली फीत ‘क’ पिशवीतून काढली. ही निर्जीव होती. रेकॉर्डिस्टने ती दुसऱ्या पडद्यावर खऱ्या फितीखाली लावली आणि पुढे वाकला.

“लय बघा. वळणाआधी मास्तर जरासे रेंगाळतात ना? इथेही रेंगाळलेत. म्हणजे कोणी नव्याने वाजवलेलं नाही. मास्तरांच्याच बोटांची फाइल घेतलीय. फक्त प्रत्येक कळेचा जोर एकसारखा करून टाकलाय. आणि पेडल पुसलंय. म्हणून सूर तुटतात.”

“आणि आवाज बुडतो तो?”

मुलगी पुढे आली. तिने फीत परत ऐकली आणि तिचे डोळे बारीक झाले.

“ही माझी ट्रायल कॉपी आहे. कोणीही घरी उतरवून घेऊ शकतं. लोकांनी फुकटात काम उरकू नये म्हणून मी तिच्यात मुद्दाम ठेवलंय, थोड्या थोड्या वेळाने आवाज क्षणभर बुडतो. कसोटीला मी पूर्ण कॉपी दिली होती.” तिने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. “फक्त यांना.”

रेकॉर्डिस्टने सुटकेचा सुस्कारा टाकला.

“म्हणजे तुम्ही सुटलात,” कानसेन म्हणाली. “पूर्ण कॉपी हाताशी असताना कोणी ट्रायलच्या वाटेला जाणार नाही. शिवाय तुम्हाला दगा करायचा असता तर हे खरं काम असं जपून ठेवलं नसतं. फिती इथून गेल्या कशा?”

“ड्राइव्हवर. चार फिती, आणि जोडीला मास्तरांच्या बोटांची फाइल. तशी पद्धतच आहे. मास्तर आणि दाढीवाला एकत्र गेले, दाढीवाल्याच्या गाडीतून. त्यांनीच ती संपादकांकडे पोचवायची होती.” तो जरासा हसला. “मास्तर त्या दिवशी माझ्यावर रुसलेले. वाजवताना त्यांचं एक बोट शेजारच्या कळेला लागलं. किती विनवलं त्यांनी, परत घेऊ या म्हणून! मी म्हटलं, मास्तर, एका दमात वाजवायचं हा नियम तुमचाच.”

वर ड्रिल सुरू झालं. कानसेन जिना चढताना बोटं मोजत होती. ड्राइव्हला हात लागलेले तिघे. त्यातला एक तिच्या शेजारी बसून, मान हलवत, त्या मेलेल्या वाद्याला नापास करून मोकळा झाला होता. दुसऱ्याने तो निकाल छापला होता. तिसऱ्याने तिला संगीत शिकवलं होतं.

३. छोटीशी दुरुस्ती

संपादकांच्या खोलीत पाण्याचा जार, कागदी पेले आणि सुकायला आलेलं एक झाड होतं. मासिकाच्या मागच्या पानावर ‘सम्राट’ची रंगीत जाहिरात होती. ‘परीक्षकांची एकमुखी पसंती’ ही ओळ तिच्यावर आधीच चढली होती.

“एकमुखी!” कानसेनने अंक टेबलावर आपटला. “त्यातलं एक तोंड माझं आहे. त्या तोंडात कोणीतरी खोटा घास भरवलाय.”

“बाई, आधी पाणी घ्या.”

“नको.”

“हे बघा, चूक झाली असेल तर पुढच्या अंकात एक छोटीशी दुरुस्ती देऊ. पत्रव्यवहाराच्या पानावर, खाली. एवढं काय? चार वाद्यांपैकी एकाचं वाईट झालं. दर वर्षी कोणाचं तरी होतंच.”

“वाईट होणं वेगळं आणि करणं वेगळं. ड्राइव्ह आल्यावर तुम्ही काय केलंत?”

“उघडली. चार फितींची नावं बदलली, अ, ब, क, ड. बंद केली. बोटांची फाइल असते हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. उघडायची कशात, तेही माहीत नाही.”

“‘सम्राट’ पहिला यावा असं तुम्हाला वाटत होतं?”

“हो!” संपादक एकदम म्हणाले, आणि स्वतःच दचकले. “म्हणजे, मागच्या पानाचा ग्राहक पहिला आला तर कोणाला नकोय? पण मी काही करावं एवढी अक्कल असती तर मी संगीतकार झालो असतो, संपादक नसतो झालो.”

कानसेनला हे पटण्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच आणखी राग आला. तिने ‘अ’ ही फीत लावली. ती ‘सम्राट’ची होती.

“एक सांगा. वाद्याचं सोडा. वाजवण्यात काही चूक ऐकू येते?”

संपादकांनी डोळे मिटले, मान डोलावली, तुकडा संपल्यावर उघडले.

“मास्तर आणि चूक? छे! काहीतरीच काय, बाई.”

बोट घसरलं ते त्यांच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं होतं. कानसेन निघाली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“बाई, दाढीवाल्याला विचारा. ‘सम्राट’च्या लोकांबरोबर बसलेला मी त्याला परवा पाहिला. लग्नाच्या बोलणीत बसतात तसा, अगदी मांडीला मांडी लावून.”

४. दाढीवाला

दाढीवाल्याचा बँड एका बंद पडलेल्या मोटार-गॅरेजमध्ये सराव करायचा. जमिनीवर अजून तेलाचे डाग होते. तो वायरी गुंडाळत होता. कानसेनला पाहून उठला.

“ताई! या, या.”

“‘सम्राट’शी तुझा काय संबंध?”

त्याच्या हातातली वायर सुटली. दाढी कितीही दाट असली तरी चेहरा उतरलेला दिसतोच.

“त्यातले काही आवाज मी बनवलेत,” तो म्हणाला. “मागच्या वर्षी.”

“आणि तू परीक्षक म्हणून येऊन बसलास? तोंडातून अवाक्षर न काढता?”

“सांगणार होतो ताई...”

“केव्हा? बक्षीस वाटून झाल्यावर? अरे, कान विकत घेता येतो असं लोक आधीच म्हणतात. त्यांना तू पुरावाच आणून देतोस!”

त्याने मान खाली घातली. मग गॅरेजच्या कोपऱ्यातून त्याने आपली गुणपत्रिका आणली आणि तिच्या हातात दिली. कानसेनने पाहिली, आणि एवढ्या रागातही तिला हसू आवरेना. त्याने ‘ब’ला पहिला नंबर दिला होता, ‘ड’ला दुसरा. ‘अ’पुढे लिहिलं होतं: ‘दिखाऊ. पोकळ.’

“स्वतःचेच आवाज ओळखले नाहीस?”

“नाही ना ताई. लोकांना सांगू नका. मला वाटलं होतं ‘ब’ म्हणजेच सम्राट.”

‘सम्राट’साठी ‘झरा’ मारणाऱ्या माणसाने नावांसकट फिती आधीच ऐकल्या असत्या, आणि ‘अ’ला असं नापास केलं नसतं. की हे सोंग होतं? आणि ‘एकमुखी’ हे संपादकांनी स्वतःच्या पदरचं छापलं होतं, हेही आता उघड झालं. कानसेनने तो हिशेब मनात वेगळा ठेवला.

“ड्राइव्ह तुझ्या गाडीत होती?”

“मागच्या सीटवर पडून होती, काही दिवस. मी विसरूनच गेलो होतो. मध्ये मास्तरांनी नेली, परत दिली... की गॅरेजमध्ये कोणी काढून ठेवली होती? खरंच आठवत नाही ताई. इथे कोणीही येतं-जातं.”

तिने त्यालाही ‘अ’ ऐकवली. तोच प्रश्न.

“वाजवण्यात? नाही बुवा. झकास वाजवलंय.”

घरी येऊन कानसेनने दार लावून घेतलं. वाद्यांचा विचार बाजूला ठेवून, पहिल्यांदाच, ती नुसत्या बोटांकडे कान लावून बसली. ‘अ’ सुरू केली आणि चूक शोधली. मधल्या भागात, वळण संपल्यावर, उजव्या हाताच्या करंगळीने शेजारच्या कळेला निसटता धक्का दिला होता. चिमटीएवढा जास्तीचा सूर. एकदा सापडल्यावर न ऐकणं अशक्य. ‘ब’मध्येही तो होता. ‘ड’मध्येही. रेकॉर्डिस्टकडच्या खऱ्या ‘झरा’तही असणारच.

मग तिने ‘क’ लावली. तीच लय, तेच रेंगाळणं. वळण आलं, संपलं.

चूक नव्हती.

तिने मागे नेऊन परत ऐकलं. स्वच्छ, निर्मळ, जणू कोणी ओल्या फडक्याने पुसून काढलंय.

वाद्य मारायला कळांचा जोर सपाट करायला हवा, पेडल पुसायला हवं. ते कळण्यासारखं होतं. पण तो निसटता सूर काढून टाकून कोणाला काय मिळणार होतं? संपादकांना तो ऐकूच आला नाही. दाढीवाल्याला आला नाही. जी चूक कानांनी टिपलीच नाही ती पुसायला हात जाईल कसा? आणि ज्याचं काम दुसऱ्याचं वाद्य बिघडवणं, तो दुसऱ्याचं वाजवणं सुधारत का बसेल?

उत्तर तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. ती खुर्चीत बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच आपला कान चुकला असावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

५. करंगळी

मास्तरांच्या दारात विद्यार्थ्यांची पादत्राणं नेहमीसारखीच एका ओळीत होती. शेवटचा धडा संपेपर्यंत कानसेन बाहेरच्या बाकावर बसली. आतून मास्तरांचा आवाज येत होता: “हात मऊ! लाकूड फोडतेस काय?” हे वाक्य तिने स्वतःही ऐकलं होतं, आणि त्याच वाक्यावर ती घडली होती.

मुलं गेली. मास्तरांनी पियानोचं झाकण लावलं.

“बस. किती दिवसांनी आलीस! काम होतं की आठवण?”

“काम. मास्तर, एक ऐकाल?”

तिने ‘ड’ लावली. मास्तर नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकू लागले. तुकडा मध्यावर आला, वळण आलं. आणि चूक येण्याच्या आधी, अगदी तोंडावर, मास्तर मोठ्याने खोकले. एकदाच. मग परत डोळे मिटले.

कानसेनने फीत थांबवली.

“तुम्हाला खोकला नाहीये, मास्तर.”

“म्हणजे?”

“ही चूक चार ठिकाणी असायला हवी. तीन ठिकाणी आहे. ‘झरा’च्या फितीतून ती पुसलेली आहे. ज्याने तिचा जोर काढला, पेडल काढलं, त्यानेच ती चूक काढली. संपादकांना ऐकवली, त्यांना कळली नाही. दाढीवाल्याला कळली नाही. रेकॉर्डिस्टला ठाऊक होती, पण त्याच्याकडे पूर्ण कॉपी होती, आणि ही फीत ट्रायल कॉपीवर केलीय. राहिलं कोण? ज्याचं बोट घसरलं, तोच. दुसऱ्या कोणी एवढी फिकीर केली असती का? तुम्ही तिचं वाद्य मारलंत, मास्तर. पण मारताना स्वतःची करंगळी चुकलेली तुम्हाला बघवली नाही.”

 मास्तरांनी नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. ते नाकारणाऱ्यांतले नव्हते.

“ती माझ्या वर्गात होती,” ते म्हणाले. “तुझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मी तिला सरळ सांगितलं होतं, तुझ्या हाताला स्पर्श नाही, सोडून दे. तिने सोडलं. मग त्या दिवशी तळघरात तो रेकॉर्डिस्ट ‘झरा’ लावतो काय, आणि त्यातून काय येतं? स्पर्श! माझाच हात, आणि माझ्या या पियानोवरसुद्धा येत नाही इतका बारीक. आणि बनवला कोणी, तर जिला मी स्पर्श नाही म्हणून घालवलं तिने.”

“म्हणजे तुम्हाला वाद्य आवडलं.”

“चांगला आहे ‘झरा’. फार चांगला आहे.” त्यांचा आवाज चढला. “म्हणूनच! वाईट असता तर मला हात लावायची गरजच काय होती? उद्या तो पहिला आला असता, आणि सगळं गाव विचारणार, मास्तर, ही तुमचीच ना हो विद्यार्थिनी? काय सांगू? मी ओळखलं नाही म्हणून?”

“हो!” कानसेन ओरडली. या घरात ती कधी मोठ्याने बोललीही नव्हती. “हेच सांगायचं! ‘मी ओळखलं नाही.’ एवढं एक वाक्य तोंडातून काढायला नको म्हणून तुम्ही तिची इतक्या वर्षांची मेहनत गाडलीत? आणि गाडायला माझे कान वापरलेत? ‘स्पर्श ठाऊक नाही’ हे मी लिहिलं, मास्तर, मी! तेच वाक्य तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं, आणि या वेळी माझ्या सहीने!”

मास्तर पियानोच्या झाकणावर हात ठेवून बसले होते. मान ताठ होती.

“माझं नाव येऊ देऊ नकोस,” ते अखेर म्हणाले. “तुला मी शिकवलंय.”

“तिलाही शिकवलं होतंत. तिचं नाव तर छापूनही झालं.”

ती उठली. दारातल्या ओळीत आता फक्त तिच्याच चपला उरल्या होत्या.

६. दुसरा नंबर

मुलगी एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायची आणि तिथेच काम करायची. खालच्या वाफेने फरशी कोमट असायची. कानसेनने तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. करंगळीचं ऐकून ती एकदा हसली, कोरडं. मग तिने विचारलं:

“त्यांनी खरा ‘झरा’ ऐकला होता?”

“हो.”

“काय म्हणाले?”

कानसेन अडखळली. हे सांगणं दया होती की जखमेवर मीठ, तिला ठरवता येईना. पण या प्रकरणात लपवालपवी पुरेशी झाली होती.

“फार चांगला आहे, म्हणाले.”

मुलीचा चेहरा लालबुंद झाला. ती उठून खिडकीशी गेली. खाली कोणीतरी चादरी झटकत होतं.

“मी पियानो विकून टाकला होता,” ती पाठमोरीच म्हणाली. “त्यांच्या त्या एका वाक्यावर. घरचे किती समजवत होते! आणि आता हे दुसरं वाक्य ते तुमच्यापाशी बोलतात, दार लावून? छापा ते. त्यांच्या नावासकट. ‘फार चांगला आहे’ हेही छापा आणि त्यांनी काय केलं तेही.”

संपादकांनी पत्रव्यवहाराच्या पानावरची जागा परत एकदा देऊ केली. कानसेनने सांगितलं, पहिलं पान, नाहीतर मी हेच दुसऱ्या मासिकात लिहीन. ‘एकमुखी’ कुठून आलं, तेही त्यात येईल. संपादक पाणी प्यायले, आणि त्यांनी पहिलं पान दिलं. दाढीवाल्याने परीक्षकपद सोडलं आणि ‘सम्राट’शी असलेलं नातं स्वतःहून जाहीर केलं. गुणपत्रिकेची गोष्ट तेवढी कोणी बाहेर फोडली नाही. मास्तरांनी लेखावर एक अक्षर उत्तर दिलं नाही. त्यांचा वर्ग बंद पडला नाही, पण काही पालकांनी मुलं काढून घेतली. कानसेनला रस्त्यात जुने सहाध्यायी भेटले की त्यांतले अर्धे तोंड फिरवत. म्हाताऱ्या माणसाला एवढं उघडं पाडायची काय गरज होती, असं त्यांचं म्हणणं. कानसेन त्यांना एकच विचारायची: मग त्या मुलीला उघडं पाडायची काय गरज होती? 

कसोटी परत झाली. या वेळी उघड्या सभागृहात, लोकांसमोर. पडद्यामागे वाद्यं, पडद्यापुढे नवे परीक्षक आणि कानसेन. वाजवायला तिघं निरनिराळे वादक, ज्यांनी आपापल्या हातांनी चारही वाद्यं वाजवली. पडदा उघडला तेव्हा पहिला आला होता ‘कापूस’. दुसरा ‘झरा’. टाळ्या चांगल्या पडल्या. रेकॉर्डिस्टने तर शिट्टी मारली.

लोक पांगले तशी मुलगी तरातरा मंचावर आली. हातात कानसेनचा ताजा अभिप्राय होता.

“दुसरा? आणि हे काय, ‘खालच्या सप्तकात सूर फुगतात’? कुठे फुगतात?”

“खालच्या सप्तकात.”

“मी स्वतः तपासलंय बाई. महिनोन्‌महिने.”

“स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही. इकडे बस.”

कानसेनने ‘झरा’ पुढे ओढला आणि डाव्या हाताने अगदी खालची कळ दाबली. हलकी. मग जराशी जोरात. सूर मोठा होण्याऐवजी ओल्या पुठ्ठ्यासारखा सैल पडला. परत दाबली. मुलगी हनुवटी पुढे काढून ऐकत होती. भांडायला घेतलेला श्वास तिने हळूच सोडून दिला.

“फुगतात,” ती म्हणाली.

“सांगतेय काय मग.”

“नीट करते. झाला की घेऊन येते.”

“आण. पण नसेल जमलं तर तसंच तोंडावर सांगेन हां. या सगळ्या प्रकरणामुळे तुला सूटबिट मिळणार नाही.”

“सूट कोणी मागितलीय?” मुलगी वायर गुंडाळत म्हणाली. “तुम्ही तसं सांगणार नसाल, तर मी तुमच्याकडे कशाला येऊ?”